ताईचा नंबर पाठ होता

जहाज सुटणार होतं संध्याकाळी पाच वाजता आणि पिशवी चोरीला गेली सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी. मेल्या चोरानं वेळ तरी कुठली गाठावी! आदल्या आठवड्यात नेली असती तर धावपळ करून निभावलं असतं. परतल्यावर नेली असती तर शिव्या घालून गप्प बसता आलं असतं. पण नाही. त्याला तोच मुहूर्त सापडला.

पिशवी धाकटीची होती. आता धाकटी म्हणजे कुणी शेंबडी पोर नव्हे. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, गळ्यात दोरीला अडकवलेला फोन, नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढून चार महिन्यांपूर्वी निवृत्त झालेली. पण घरात माणसं दोनच, एक ताई आणि एक ही. त्यामुळे ही जन्मभर धाकटी ती धाकटीच राहिली. ताई तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी.

बंदरासमोरच्या हॉटेलात दोघी चहाला बसल्या होत्या. ताईच्या चहात साखर पडली. ताईला बिनसाखरेचा लागतो हे धाकटीनं वेटरला दोनदा बजावलं होतं. मग काय, धाकट्या बाईसाहेब कप घेऊन उठल्या आणि गेल्या गल्ल्यापाशी भांडायला. पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली, शेजारच्या खुर्चीवर ताई. दहा पावलांचं अंतर आणि दोन मिनिटांचं भांडण. नवा कप घेऊन ती परत आली तेव्हा खुर्चीची पाठ मोकळी होती.

"ताई, पिशवी कुठंय?"

"कुठली?"

"कुठली काय! इथं लावली होती ती!"

ताईनं हात लांबवून शेजारची खुर्ची चाचपली. "इथंच तर होती गं."

"होती ना? मग आता कुठंय? तुझ्या डोळ्यांदेखत नेली कुणीतरी!"

बोलून गेली आणि धाकटीनं जीभ चावली. ताईचा डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. उजव्याचं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की आहे ते सहा महिने, फार तर आठ. समोरचं तेवढं दिसेल, बाजूचं नाही, नळीतून बघितल्यासारखं. नंतर तेही नाही. ऑपरेशनचा उपयोग नाही, औषधानं फक्त थोडा वेळ मिळेल.

ताईला हसू फुटलं. "डोळ्यांदेखत म्हणे! बरी आहेस ना?"

"हसू नकोस गं. पासपोर्ट गेले. दोघींचे."

तेव्हा कुठं ताईचं हसू थांबलं. धाकटी टेबलाखाली वाकली, शेजारच्या टेबलाखाली वाकली, एका सुटाबुटातल्या माणसाचे पाय बाजूला करून त्याच्याही खुर्चीखाली वाकली. गल्ल्यावरच्या माणसावर खेकसली. रस्त्यावर धावत जाऊन डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळ्या जगाच्या हातात पिशव्या होत्या आणि तिची एकही नव्हती.

आता या जहाजाचं एवढं काय, ते सांगायला हवं. ताई रफू करायची. शर्टाला, शालीला, कोटाला पडलेलं भोक ती असं बुजवायची की गिऱ्हाईक कापड उलटसुलट करून विचारायचं, "होतं कुठं?" पंधरा वर्षांची असताना आई गेली, वडील त्याआधीच घर सोडून गेलेले, आणि चार वर्षांची धाकटी पदरात पडली. तेव्हापासून खिडकीपाशी बसून सुई चालवली ती थेट डोळ्यांनी नाही म्हणेपर्यंत. धाकटीची शाळा, कॉलेज, नोकरीच्या परीक्षेची फी, सगळं त्या सुईतून निघालं. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर धाकटी ढसाढसा रडली आणि ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मला समुद्र बघायचाय."

"कितीदा तर बघितलाय."

"काठावरून. मला मधे जाऊन बघायचाय. जिथून काठ दिसत नाही तिथून."

"ते कशाला आणि?"

"जन्मभर भोकंच बघितली गं. एकदा सबंध कापड बघू दे की."

मग धाकटीनं चार रात्रींच्या क्रूझची दोन तिकिटं काढली. मोसमातली शेवटची फेरी. पुढची निघणार होती सात महिन्यांनी, आणि सात महिन्यांनी काय असेल हे दोघींनाही ठाऊक होतं. म्हणजे आजच, पाच वाजता, नाहीतर कधीच नाही.

पोलीस चौकीत हवालदार सावकाश लिहिणारा निघाला. प्रत्येक अक्षरावर टोपी घालून, शेपूट काढून. धाकटी उभ्या उभ्या पाय हलवत होती.

"काय काय होतं पिशवीत?"

"मूळ पासपोर्ट दोन," धाकटीनं एकतीस वर्षांच्या सवयीनं सांगायला सुरुवात केली. "त्यांच्या झेरॉक्स चार. ओळखपत्रं दोन. त्यांच्या झेरॉक्स चार. जहाजाची तिकिटं मूळ दोन, झेरॉक्स चार. फोटो प्रत्येकी आठ. सगळं एका प्लास्टिकच्या फायलीत, वर यादी लावलेली."

हवालदारानं पेन थांबवलं. "झेरॉक्स पण त्याच फायलीत?"

"मग कुठं?"

"बाई, झेरॉक्स कशासाठी काढतात?"

"मूळ कागद हरवला तर जवळ असावी म्हणून."

"आणि तुम्ही ती मूळ कागदाला चिकटवून ठेवलीत."

"नक्कल मुळापासून वेगळी ठेवायची नसते," धाकटी म्हणाली. हा नियम तिनं एकतीस वर्षं पाळला होता आणि दुसऱ्यांना पाळायला लावला होता. नक्कल एकीकडे आणि मूळ एकीकडे झालं की फाईल मेली म्हणून समजा. तिच्या हाताखाली एकाही कागदाची ताटातूट झाली नव्हती.

"बरं, घरी एखादी प्रत असेल ना? शेजाऱ्यांना फोन करून फोटो मागवा."

"घरची प्रत पण त्यातच होती."

"ती का आणलीत?"

"चार दिवस घर बंद राहणार. चोर आला तर?"

ताईला खोकला आला, म्हणजे खरं तर हसू आलं, आणि तिनं ते खोकल्यात दडवलं. "फोनमध्ये फोटो काढून ठेवतात हल्ली," हवालदार जरा जपून म्हणाला.

"फोनमधल्या कागदाला कुणी विचारत नाही," धाकटी फणकारली. पण आवाजातली हवा गेली होती.

बाहेर आल्यावर ती स्वतःवरच तुटून पडली. "गाढव आहे मी. अक्कल गहाण टाकली होती. एकतीस वर्षं नोकरी केली आणि शिकले काय, तर सगळं एका चोराच्या सोयीसाठी नीट लावून ठेवायला. वर यादी पण लावली गं मी त्याला!"

"निदान त्याला शोधावं लागणार नाही काही," ताई म्हणाली.

"ताई, तू चेष्टा करू नकोस. माझा जीव टांगणीला लागलाय."

"चल, फोटो काढू. तक्रारीची प्रत देताना हवालदार म्हणाला ना, पासपोर्ट कचेरीत जा, फोटो लागतील."

साडेअकरा झाले होते. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत फोटोवाला ताईला म्हणत होता, "आजी, कॅमेऱ्याकडे बघा. इकडे. इकडे हो." धाकटीनं पुढे होऊन ताईची हनुवटी धरून फिरवली. गेलं वर्षभर ती हेच करत होती. जिना आला की कोपर धरायची, ताट आलं की काय कुठं आहे ते सांगायची, कुणी काही विचारलं की ताईच्या आधी उत्तर द्यायची. फोटो छापून यायला पंधरा मिनिटं लागली. तेवढ्यात ती सात वेळा दाराशी जाऊन आली.

पासपोर्ट कचेरी दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. ताई एकेक पायरी पायानं चाचपत चढली आणि धाकटी दोन पायऱ्या वर, एक खाली, पुन्हा वर, अशी नुसती तळमळत राहिली. तिला ताईला घाईही करवेना आणि स्वतःला दमही धरवेना. चार नंबरच्या खिडकीपुढं अकरा माणसं होती. त्यांच्यात उभं राहून दीड वाजला.

खिडकीतला माणूस तरुण होता, आणि चक्क सभ्य होता. त्यानं तक्रारीची प्रत वाचली, दोघींकडे बघितलं आणि म्हणाला, "एका खेपेपुरता परवाना मिळतो अशा वेळी. आज करून देतो. साडेतीनला छपाई बंद होते, त्याआधी बसवू."

धाकटीला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. "देवासारखे भेटलात हो!"

"अर्ज भरा, फोटो लावा आणि जुने पासपोर्ट नंबर सांगा. नंबर टाकला की फाईल उघडते. मग बोटांचे ठसे जुळले की झालं."

"ताईचा घ्या," धाकटी म्हणाली आणि श्वासही न घेता बोलून गेली, "एल, चार शून्य सात, एक एक, नऊ तीन."

तो पाठ असायला कारण होतं. पासष्टीच्या वरच्या माणसांना जहाजावर प्रकृतीचा दाखला लागतो. ताईचा अर्ज तीन वेळा परत आला होता, कधी शिक्का पुसट म्हणून, कधी तारीख चुकली म्हणून. प्रत्येक वेळी तीन प्रती. धाकटीनं तो नंबर नऊ वेळा स्वतःच्या हातानं लिहिला होता. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितला असता.

खिडकीतल्या माणसानं बटणं दाबली. "आली फाईल. आता तुमचा?"

धाकटीनं तोंड उघडलं.

आणि तसंच राहिलं.

"जे," ती म्हणाली. "जे, सहा... दोन. नाही, दोन सहा. थांबा हं. जे, दोन सहा..."

स्वतःचा नंबर तिनं एकदाही लिहिला नव्हता. पासष्टीच्या आतल्या माणसाला दाखला लागत नाही. तिकिटं काढताना नाव आणि वय पुरलं होतं, नंबर बंदरावरच्या खिडकीत लिहून घेणार होते. पासपोर्ट हातात आला त्या दिवशी तिनं त्याची झेरॉक्स काढली होती, फायलीत लावली होती आणि निश्चिंत झाली होती. फायलीत आहे ते डोक्यात कशाला ठेवायचं?

"आठवेल, आठवेल," ती कपाळावर बुक्की मारत म्हणाली. माणसानं अंदाजानं दोन नंबर टाकूनही बघितले. एकावर कुणी मिशीवाला निघाला, दुसऱ्यावर कुणीच नाही.

"आणि नंबर नसेल तर?"

"मग मुख्य कचेरीला कळवावं लागतं. ते नाव आणि जन्मतारखेवरून शोधतात." त्यानं घड्याळाकडे पाहिलं. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "उद्या या."

आता सांगायला नको, पण सांगते. रेकॉर्ड रूमच्या खिडकीत बसून धाकटीनं एकतीस वर्षं लोकांना हेच सांगितलं होतं. फाईल नंबर आहे का? नाही? उद्या या. घराच्या कागदासाठी आलेली माणसं, जन्मदाखल्यासाठी आलेली माणसं, बाळाला काखेत घेऊन आलेल्या बाया, सगळ्यांना उद्या या. कचेरीत पाठीमागे तिला उद्याबाई म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. तिला त्याचा अभिमानही होता थोडासा, कारण नंबराशिवाय फाईल शोधायला बसलं तर बाकीच्यांची कामं अडतात, हे काही खोटं नव्हतं.

आज ती खिडकीच्या अलीकडे होती. आणि अलीकडची माणसं जे जे बोलतात ते ते सगळं बोलली. अहो बघा ना काहीतरी. एवढं एकदा. पाच वाजता जहाज आहे हो. माझी बहीण आहे, तिचे डोळे जाणार आहेत. "तुमच्याकडे रजिस्टर असेल ना? मला आत येऊ द्या, मी शोधते. मला सवय आहे."

"मॅडम, आता रजिस्टर नसतं हो."

मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "आटपा की बाई." हे वाक्यही तिनं ओळखलं.

ताईचे ठसे घ्यायची वेळ आली तर तेही घेईना यंत्र. अंगठा, लाल दिवा. तर्जनी, लाल दिवा. सुईनं आणि दोऱ्यानं पन्नास वर्षं घासून बोटांवरच्या रेघा सपाट झाल्या होत्या. रुमालानं पुसून झालं, तळवा चोळून झालं. आता हिचाही राहतो की काय, असं धाकटीला झालं. शेवटी खिडकीतला माणूस म्हणाला, "करंगळी ठेवा बरं, डाव्या हाताची." करंगळी ठेवली. ती कधी कामाला लागलीच नव्हती. हिरवा दिवा लागला.

तीन वाजून दहा मिनिटांनी ताईचा परवाना हातात आला. गरम होता अजून. धाकटीनं तो धरला आणि कॉरिडॉरमधल्या बाकावर मटकन बसली.

"जाऊ दे ताई," ती म्हणाली. "घरी जाऊ आपण. पुढचा मोसम येईल."

"येईल की. मी कुठं असेन तेव्हा?"

"असं बोलू नकोस."

"मी मरायचं नाही म्हणत. डोळ्यांचं म्हणतेय. धाकटे, मी जाते."

"एकटी?" धाकटी किंचाळलीच. दोन माणसांनी वळून बघितलं. "वेड लागलंय तुला? जिने आहेत, कठडे आहेत, चार रात्री आहेत! खोली सापडायची कशी तुला? औषधाचे थेंब कोण घालणार?"

"मी घालेन. डोळे माझेच आहेत, कुठं आहेत ते माहितीये मला."

"चेष्टा करू नकोस!"

"मग तू ओरडू नकोस." ताईनं तिचा हात चाचपून धरला. "त्या दाखल्यावर लिहिलंय ना, सोबत नसेल त्या माणसाला मदतनीस देतात? तूच वाचून दाखवलंस मला. तीन वेळा."

"ते लिहायला लिहितात गं."

"तुला शाळेत पहिल्या दिवशी सोडलं तेव्हा तू माझा झगा फाटेपर्यंत धरून ठेवला होतास. मी सोडवून घेतला आणि निघून आले. मागे वळून बघितलं नाही. तेव्हा मी सोळाची होते, माझ्या जिवाला काय झालं ते मलाच ठाऊक. पण निघून आले ना? मग आता तू सोड."

धाकटीला रडू कोसळलं. रडता रडता तिला रागही आला, चोराचा, स्वतःचा, ताईचा, त्या सभ्य माणसाचा, सगळ्यांचा. मला सोडून बघणार का ही समुद्र? आणि मी तिच्या बाजूला नसेन तर कोण सांगणार तिला, की हे बघ, आता काठ दिसेनासा झाला? हे ती मनात म्हणाली, तोंडानं म्हणाली फक्त, "फार हट्टी आहेस तू."

"आहेच. चल, साडेतीन झाले असतील."

मग टॅक्सी. रात्री उतरल्या होत्या त्या लॉजवरून ताईची सूटकेस. पुन्हा टॅक्सी. सिग्नलला धाकटीनं ड्रायव्हरला इतक्या सूचना दिल्या की त्यानं आरशातून हात जोडले. सव्वाचारला बंदर. प्रवाशांची यादी तिथल्या खिडकीत होतीच, परवाना दाखवला, शिक्का पडला. पांढऱ्या गणवेशातली एक मदतनीस बाई आली, चाळिशीची, खणखणीत आवाजाची. धाकटीनं तिला आपला नंबर दिला, तिचा घेतला, थेंबांची वेळ सांगितली, बिनसाखरेचा चहा सांगितला, जिन्यावर डाव्या बाजूनं धरायचं सांगितलं, अंघोळीच्या वेळी दार आतून लावू द्यायचं नाही हे सांगितलं, आणि पुन्हा थेंबांपासून सुरुवात केली.

"समजलं हो मावशी," ती बाई म्हणाली. "माझी आई समजून सांभाळते."

"पुरे," ताई म्हणाली. तिनं धाकटीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या भुवया, नाक, गाल, सगळ्यावरून एकदा अंगठे फिरवले. मग मदतनीस बाईच्या दंडाला धरून शिडी चढली. मागे वळून बघितलं नाही.

धाकटी लोखंडी कठड्याला येऊन उभी राहिली. सोडायला आलेल्यांची गर्दी होती. भोंगा वाजत होता, माणसं एकमेकांना हाका मारत होती, वरच्या मजल्यावर प्रवाशांची रांगच्या रांग लागली होती. ती प्रत्येक डोकं तपासत होती. पाच मिनिटं झाली, सात झाली. तिचं एक पाऊल शिडीकडे आणि एक कठड्याशी असं चाललं होतं. मग दिसली. दुसऱ्या मजल्यावर, मदतनीस बाईच्या शेजारी, राखाडी स्वेटर. ताई हात हलवत होती.

पण धाकटीकडे नाही. पार डावीकडे.

धाकटीनं मान वळवून बघितलं. कोण भेटलं हिला ओळखीचं? तिकडे एक बंद पडलेली तिकिटाची टपरी होती, शटर ओढलेलं, आणि तिच्यापुढं कुणीसुद्धा नव्हतं. गर्दी सगळी इकडे होती. ताई त्या शटरकडे बघून हसत होती आणि हात हलवत होती.

गळ्यातला फोन वाजला. मदतनीस बाईचा नंबर. आवाज ताईचा.

"धाकटे, दिसतेस गं तू! स्वच्छ दिसतेस."

धाकटीचा एक हात फोनवर होता. दुसऱ्यानं तिनं कठडा घट्ट धरला होता.

"किती जोरात हात हलवतेस, खांदा दुखेल की. बास कर आता."

म्हणजे सहा महिने नव्हतेच. उजवाही गेला कधी? महिना झाला? दोन? कळू न देता ही बसून राहिली, चालत राहिली, हसत राहिली, कारण कळलं असतं तर मी तिकिटं रद्द केली असती. केलीच असती. आणि अजूनही शिडी लावलेली होती. दोन माणसं तिच्या दोरांशी नुकती वाकत होती. एक शब्द पुरला असता. ताई, खाली ये, एवढं म्हटलं असतं तर ती आली असती, मुकाट, काही न विचारता. जन्मभर तिनं हातातलं काम खाली ठेवून धाकटीचं ऐकलं होतं.

"ऐकू येतंय ना गं?" ताई म्हणाली. "वारा बघ किती आहे इथं. अजून निघालो पण नाही तर एवढा वारा!"

तिच्या आवाजात लहान मुलीचा आनंद होता. असा आवाज धाकटीनं घरात कधी ऐकला नव्हता.

दोर सुटले. शिडी वर गेली.

"हो, ऐकू येतंय," धाकटी म्हणाली. तिनं कठडा सोडला, हात उंच केला, आणि माणसांना ढकलत, माफी मागत, भराभर त्या बंद टपरीच्या दिशेनं निघाली. शटरपुढं येऊन उभी राहिली तेव्हा तिचा खांदा खरंच दुखत होता.

"हलवतेय गं ताई," ती म्हणाली. "बघ, अजून हलवतेय."